शांततेचा खर्च कोणी करायचा?

गुन्हा घडल्यावर सरकार जो खर्च करते तो सगळ्यांना दिसतो. ठाण्यातून गाडी येते, पंचनामा होतो, जखमीला ग्रामीण रुग्णालयात हलवतात, आरोपीला न्यायालयात उभे करतात आणि पुढे वर्षानुवर्षे तारखा पडत राहतात. गुन्हा घडूच नये म्हणून जो खर्च लागतो, तो मात्र अंदाजपत्रकात शोधून काढावा लागतो. आज मला या दुसऱ्या खर्चाविषयी बोलायचे आहे, आणि तेही चंद्रपूर-गडचिरोलीपुरते. गावातली भांडणे गावात मिटावीत, गुन्हे व्हायच्या आधीच थांबावेत, यासाठी राज्य सरकारने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पैसा दिलाच नाही असे नाही. पण दिला तो बहुतेक वेळा बक्षीस म्हणून, काम झाल्यानंतर आणि एकदाच. माझे म्हणणे असे की हा पैसा थोडा का असेना, पण आधी मिळाला पाहिजे, दरवर्षी मिळाला पाहिजे, आणि गावाने काय जाहीर केले यापेक्षा गावाने काय काम केले हे पाहून मिळाला पाहिजे.

यातले सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृह विभागाने ती सुरू केली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी अशी तंट्यांची नोंदवही करायची, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोड घडवायची, आणि वर्षाअखेर मूल्यमापनात पुरेसे गुण मिळाले तर लोकसंख्येच्या प्रमाणात एक लाखापासून पुढे पुरस्कार. कल्पना चांगलीच होती. आपल्या भागात तिने केलेले एक काम तर आजही चालू आहे. घरच्यांचा विरोध असलेले मुलगा-मुलगी समितीकडे येतात. अध्यक्ष आधी दोघांचे शाळेचे दाखले तपासतात, वयाची खात्री करतात, दोन्ही घरी निरोप धाडतात, आणि मग ग्रामपंचायतीच्या आवारात, पोलीस पाटलांच्या साक्षीने, एकमेकांना हार घालून लग्न लागते. नोंदवहीत सह्या होतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्या लग्नावरून एरवी कुऱ्हाडी निघाल्या असत्या, ते अर्ध्या तासात पार पडते. गुन्हा रोखणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

पण या कामाला पैसा लागतो, आणि तो नेमका कुठे लागतो हे कुणी बारकाईने पाहिले नाही. धुऱ्याचे भांडण घ्या. आपल्याकडच्या खेड्यांत हाणामारीची सुरुवात कितीदा तरी धुऱ्यावरून किंवा पांदण रस्त्यावरून होते. एकाने नांगरताना हातभर धुरा कोरला, दुसऱ्याने पुढच्या पावसाळ्यात परत घेतला, तिसऱ्या वर्षी डोकी फुटली. समितीने दोघांना बसवले तरी प्रश्न सुटतो तो भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने. मोजणीची फी कोण भरणार? ज्याने भरली त्याच्याच बाजूने मोजणी झाली असे दुसरा म्हणतो, म्हणून दोघेही भरत नाहीत. गावाच्या हाती वर्षाला थोडीशी रक्कम असती तर गावाने ती फी भरली असती आणि मोजणी दोघांनाही मानावी लागली असती. कुणाला तालुक्याला जाऊन फेरफाराची नक्कल आणायची असते, मारहाण झालेल्या बाईला दवाखान्यात आणि तिथून ठाण्यात न्यायचे असते, समितीच्या सदस्याची दिवसाची मजुरी बुडते. हे सगळे खर्च तंटा मिटवण्याच्या आधीचे आहेत, आणि पुरस्कार मात्र तंटे मिटल्यानंतरचा. मोहिमेच्या पहिल्या काही वर्षांत उत्साहाने हे अंतर भरून निघाले. गावाला एकदा पुरस्कार मिळाला, त्यातून काही काम झाले, फलक लागला, आणि पुढे समितीने कशाच्या बळावर चालायचे याचे उत्तर योजनेत नव्हते. कितीतरी गावांत समिती आज कागदावर उरली आहे, याचे कारण गावकऱ्यांचा आळस नव्हे. योजनेची रचनाच तशी होती.

बक्षिसाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘तंटामुक्त’ ठरण्यासाठी तंटे नाहीत असे दाखवावे लागते. मग ज्या तक्रारीने गावाचे गुण जातील, ती तक्रार करणारी व्यक्ती गावाच्या आड येऊ लागते. ही व्यक्ती बहुतेक वेळा कोण असते? नवऱ्याचा मार खाणारी बाई, मजुरी बुडालेला सालगडी, अंगावर हात टाकला गेलेली मुलगी. तडजोड करायला लावणे सर्वांत सोपे असते ते यांनाच. अदखलपात्र किरकोळ भांडण समितीने मिटवावे हे योग्य, पण अत्याचाराची तक्रार समितीने मिटवली तर तो गुन्ह्याचा प्रतिबंध नव्हे, ती गुन्ह्याची झाकपाक आहे. म्हणून पैसा शून्य तंट्यांसाठी देऊ नये. ज्या गावाच्या नोंदवहीत जास्त तंटे नोंदले गेले, ज्या गावाने गंभीर प्रकरण स्वतःहून ठाण्यात आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले, ते गाव अधिक काम करते असे मानले पाहिजे.

हीच चूक नक्षल गावबंदी योजनेत वेगळ्या रूपात दिसते. २००३ पासून गडचिरोलीत ही योजना आहे. नक्षलवाद्यांना गावात थारा देणार नाही असा ठराव गावाने केला की विकासकामांसाठी अनुदान, सुरुवातीला ३ लाख रुपये. ठराव करणाऱ्या गावांनी मोठे धाडस दाखवले, यात शंका नाही. पण इथेही पैसा जाहीर करण्यासाठी होता. ठरावानंतरचा धोका गावाने पुढे कित्येक वर्षे वागवला, अनुदान मात्र एकदाचेच राहिले.

आता दारूबंदी पाहू. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. तिच्यामागे चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेलेल्या हजारो महिलांचा आणि पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या ठरावांचा रेटा होता. सहा वर्षांनी, २०२१च्या मे महिन्यात, मंत्रिमंडळाने बंदी उठवली. त्याआधी नेमलेल्या रमानाथ झा समितीने बंदी फसली, अवैध दारू वाढली, बायका-मुलेसुद्धा विक्रीत ओढली गेली, असे सांगितले होते. शेजारच्या गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे आणि आजही आहे. दोन्ही जिल्ह्यांत कायदा सारखाच होता, जंगल सारखे होते, मोहफूल सारखेच होते. फरक एका गोष्टीत आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. गडचिरोलीत २०१६ पासून राज्य सरकार, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ चालवले. तालुक्यांत पगारी कार्यकर्ते नेमले, गावोगावी संघटना बांधल्या, व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी उपचाराची सोय केली. नाल्याकाठी झुडपात पुरून ठेवलेले मोहफुलांच्या सडव्याचे ड्रम बायका शोधून काढतात आणि उपडे करतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी दुसऱ्या दिवशी फोन करता येईल असा माणूस असतो. गडचिरोलीतून दारू हद्दपार झाली असे मी म्हणणार नाही. पण चंद्रपूरची बंदी उठल्यावर गडचिरोलीतल्या शेकडो गावांनी आपली बंदी राहू द्या असे ठराव केले. चंद्रपुरात कायदा आला आणि त्याची सगळी भिस्त पोलिसांच्या धाडींवर ठेवली गेली. ज्या महिलांनी बंदी आणली, त्यांच्या गावातल्या रोजच्या कामासाठी कुणी तरतूद केली नाही.

गावाच्या कामाला पैसा द्या, या माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की गावाच्या हाती न्याय द्यायचा म्हणजे बलदंडांच्या हाती द्यायचा. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. १ मे २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात अशाच संशयावरून एक महिला आणि एक पुरुष यांना मारून जाळण्यात आले आणि १५ जणांना अटक झाली. त्याआधी गावाची बैठक बसली होती, असे बातम्यांत होते. म्हणजे गाव एकत्र बसले आणि त्यातून खून झाला. मग गावाला पैसा कशासाठी? माझे उत्तर असे की या दोन्ही ठिकाणी गाव जमले होते, पण कायदा सांगून थांबवणारा माणूस तिथे नव्हता. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, पण कायदा पुस्तकात असणे आणि बैठकीत उभे राहून ‘थांबा, हा गुन्हा आहे, मी ठाण्यात फोन करतो’ म्हणणारा माणूस असणे, यात दोन जीवांचे अंतर आहे. अशा माणसाला आपल्याकडे विधी स्वयंसेवक म्हणतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्याला प्रशिक्षण देते. माडिया आणि गोंडी बोलणारे, त्याच गावांतले स्त्री-पुरुष हे काम करतील तर गायता-भूमिया, म्हणजे गावचे पुजारी-प्रमुखसुद्धा त्यांचे ऐकतील. पण तुटपुंज्या मानधनावर, दुर्गम तालुक्यात, हे काम कुणी वर्षानुवर्षे करणार नाही. गावाच्या न्यायातला धोका टाळायचा तर या माणसावर खर्च करणे भाग आहे.

दुसरा आक्षेप, न्यायालये आहेत, ती बळकट करा. जरूर करा. पण सिरोंचाचा माणूस जिल्हा न्यायालयात यायचा तर सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. हे ओळखूनच ग्राम न्यायालय कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. न्यायाधिकाऱ्याने गावात जाऊन सुनावणी घ्यावी अशी त्यात सोय आहे. केंद्राने प्रत्येक ग्राम न्यायालयासाठी एकवेळ १८ लाख रुपये देऊ केले, त्यात वाहनाचे ५ लाखही धरले, आणि चालू खर्चासाठी वर्षाला ३ लाख २० हजारांपर्यंत मदत, पण तीही फक्त पहिली तीन वर्षे. पुढे राज्याने पाहावे. न्यायाधिकाऱ्याचा पगार तीन वर्षांनी थांबत नाही, गाडीचे डिझेल थांबत नाही. देशभर ही न्यायालये अपेक्षेइतकी उभी राहिली नाहीत, याचे एक कारण या तीन वर्षांत आहे.

तिसरे म्हणणे नेहमीचे, पैसा खाल्ला जाईल. खाल्ला जाऊ शकतो. पण पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात आपल्याकडे गावाला थेट पैसा देण्याचा अनुभव आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी ‘अबंध निधी’ म्हणून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कसा वापरायचा हे ग्रामसभा ठरवते. तो कुणाच्या मर्जीवर मिळत नाही, लोकसंख्येच्या प्रमाणात येतो. वनहक्क आणि पेसा कायद्याची अंमलबजावणी हे त्यातले एक मान्य काम आहे. राज्याच्या २०१४च्या पेसा नियमांत गावाच्या शांततेची आणि तंटे मिटवण्याची जबाबदारी ग्रामसभेवर आहे. म्हणजे हे काम करणाऱ्या गावच्या शांतता समितीचा खर्च या निधीतून करायला नवा कायदा नको. अमेरिकेतही स्थानिक गुन्हे प्रतिबंधासाठी एक मोठे अनुदान आहे, १९८८ मध्ये न्यूयॉर्कला मारल्या गेलेल्या एडवर्ड बर्न या तरुण पोलिसाच्या नावाचे. लोकसंख्या आणि हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण यांच्या सूत्राने ते वाटले जाते, आणि त्यातला ४० टक्के वाटा स्थानिक शासनांसाठी असतो. त्याच देशात २०२५च्या एप्रिलमध्ये न्याय विभागाने संस्थांना दिलेली शेकडो अनुदाने मध्येच रद्द केली आणि चालू कामे अडली. सूत्राने बांधलेला पैसा आणि मर्जीचा पैसा यांतला फरक यावरून कळावा.

हे आत्ताच बोलण्याला कारण आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चाळीस वर्षांच्या हिंसेचा शेवट जवळ आला आहे, असे आज म्हणता येते. बंदोबस्तासाठी येणारा पैसा यापुढे कमी होईल, आणि तो या जिल्ह्यांतून परत जाईल की धुऱ्याच्या, दारूच्या, बाईला होणाऱ्या मारहाणीच्या रोजच्या प्रश्नांकडे वळेल, हे येत्या एक-दोन अंदाजपत्रकांत ठरेल. चंद्रपूरच्या मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी अशा पेसाबाहेरच्या तालुक्यांना तर अबंध निधीही नाही. त्यांच्यासाठी जिल्हा नियोजन समितीने वेगळी, दरवर्षीची तरतूद केली पाहिजे, आणि तिचा हिशेब गावात वाचून दाखवला पाहिजे.

श्रोतेहो, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी आपल्या गावात ग्रामसभा होते. येत्या ग्रामसभेला जा. तंटामुक्त समितीची किंवा शांतता समितीची नोंदवही मागा, तिच्यातली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते सगळ्यांसमोर वाचायला सांगा, आणि या वर्षी समितीच्या खर्चासाठी किती रक्कम ठेवली हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.