वार लिहिल्याखेरीज नांव लिहूं नये



ज्युबिलीच्या तयारींत कित्येक आईबापांनीं मला एकच प्रश्न केला : “फादर, आमच्या मुलांनीं सेवा करावी असें वाटतें, पण ती करावी कोठें?” प्रश्न रास्त आहे. आपण सोलापूरकर मुलांस डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची कथा अभिमानानें सांगतों. १९१० सालीं याच शहरीं जन्मलेला हा तरुण १९३८ सालीं चीनमध्यें युद्धांतील जखमींच्या शुश्रूषेस गेला व १९४२ सालीं तेथेंच निवर्तला. ती ऐकून मुलाची समजूत मात्र अशी होते कीं, सेवा ही मोठेपणीं दूरदेशीं जाऊन करावयाची गोष्ट आहे!

प्रथम माझीच चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं नाताळांत मीं मुलांस एका वृद्धाश्रमीं नेलें. गाणीं झालीं, करंज्या वांटल्या. निघतांना एका आजीबाईंनीं एका मुलीचा हात धरून विचारिलें, “आतां पुन्हा कधीं येशील ग?” ती म्हणाली, “पुढल्या रविवारीं.” आम्ही गेलों तें पुढल्या नाताळांत. आजीबाई नव्हत्या. मुलगी मला कांहीं बोलली नाहीं. पण तिची नजर मी विसरलों नाहीं.

म्हणून आईबापांस माझें सांगणें असें कीं, काम लहान घ्या, जवळचें घ्या, आणि जेथें परत जातां येईल असेंच घ्या. संस्थेंत जाण्यापूर्वीं तेथील व्यवस्थापकांस गरज काय तें विचारा. बहुधा फराळाची गरज नसते. कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवावें, सुईंत दोरा ओंवून द्यावा, एवढीच असते. आठ वर्षांच्या मुलास हें सहज साधतें. रुग्णालयाच्या वॉर्डांत मात्र लहान मुलें नेऊं नयेत. आणि कृपा करून मदत घेणाऱ्याचें छायाचित्र काढूं नका.

संस्थाच हवी असेंही नाहीं. वैशाखांत आपल्या शहरीं पारा ४० अंशांपलीकडे जातो. दाराशीं वाटसरूंसाठीं रांजण ठेवून तो रोज भरण्याचें काम एका मुलाकडे द्या. शेजारच्या विड्या वळणाऱ्या भगिनींचीं मुलें सायंकाळीं आपल्या मुलांबरोबर अभ्यासास बसवा.

साऱ्या कुटुंबानें मिळून श्रमावयाचें असल्यास बार्शी तालुक्यांतील सुर्डी गांवाकडे पाहा. २०१९ सालीं पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेंत या गांवानें राज्यांत पहिला क्रमांक मिळविला. या स्पर्धेंत ऐन उन्हाळ्यांत गांवकरी श्रमदानानें चर खणीत, बांध घालीत. अशा कामांत बापाच्या हातीं टिकाव व आईच्या हातीं घमेलें असलें, तरी मुलास पाण्याचा तांब्या फिरवितां येतो, बांधासाठीं लहान दगड वेंचून देतां येतात. पावसाळ्यांत तोच चर भरलेला त्यास पाहावयास न्यावें. तें विसरूं नये.

मिस्सेनंतर दाराजवळच्या मेजावर एक वही ठेविली आहे. तींत कुटुंबाचें नांव, काम व वार लिहावा. वार लिहिल्याखेरीज नांव लिहूं नये. पहिलें नांव मीं माझें लिहिलें आहे, वार रविवार.