कामाचा वाटा आणि निर्णयाचा वाटा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही विद्वान नव्हे, समाजशास्त्राचे अभ्यासकही नव्हे. वडिलांनी सुरू केलेला एक लहानसा छापखाना सांभाळण्यात आमची हयात गेली. परंतु त्या छापखान्यात आमच्या हातून एक चूक घडली आणि तिने आम्हांस जे शिकविले, ते आपल्यापुढे ठेवणे उचित होईल असे वाटले. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे दुकान, कारखाना, दवाखाना, शिकवणीचे वर्ग असे काही ना काही चालवितात. उरलेली दुसऱ्यांच्या कचेरीत नोकरी करतात. तेव्हा चार माणसे जेथे मिळून काम करतात तेथे निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराशी येऊन भिडणारा आहे.

सुमारे १५ वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदाचे दिवस होते, पाऊस थांबत नव्हता आणि एका दिवाळी अंकाच्या रंगीत पानांचे काम हाती होते. आमचे यंत्र दोन रंगांचे. चार रंग उतरवावयाचे म्हणजे तोच कागद यंत्रातून दोनदा फिरवावा लागे. कागदाची गाडी एक दिवस उशिरा आणि भर पावसात आली. अंक वेळेवर देण्याची घाई होती. आम्ही घरूनच दूरध्वनीवर आज्ञा दिली, की रात्रीतून पहिले दोन रंग उतरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन रंग चढविले, तो एकाही पानाचे रजिस्टर जुळेना. दमट कागद मधल्या वेळात आकसला होता. चेहरा एकीकडे आणि ओठांचा रंग दुसरीकडे! आठ हजार कागदांची रद्दी झाली.

यंत्रावरील जुन्या कारागिरांना सारे मामा म्हणत. आम्ही संतापून त्यांना विचारले, "मामा, तीस वर्षे तुम्ही या कामात आहात. कागद ओला आहे हे तुमच्या हाताला कळले नाही काय?"

मामा शांतपणे म्हणाले, "हातात घेताच कळलं होतं, मालक."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो, तुमच्या वडिलांच्या वेळी. तेव्हा मला सांगितलं गेलं, की आपण मशीन बघावं, डोकं मालकांनी चालवायचं. तेव्हापासून मशीन बघतो."

मंडळी, त्या उत्तराने आम्ही खजील झालो. कागदाचे नुकसान वर्षभरात भरून निघाले. परंतु तीस वर्षे एका जाणत्या माणसाचे डोके आपण वापरलेच नाही, या नुकसानीचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा? शिवाय डोके कोणाचे आणि हात कोणाचे, ही वाटणी आमच्या वडिलांनी शोधून काढलेली नव्हती. ती त्यांना समाजाकडून आयती मिळाली होती. आमच्या कचेरीतील चारही खुर्च्यांवर आप्तेष्ट बसलेले होते. यंत्रावर, कापणीवर आणि बांधणीत मात्र इतर समाजांतील माणसे होती. यात काही विचित्र आहे असे आम्हांस कधी वाटले नव्हते. ज्ञातीच्या संमेलनात हे सांगणे काहींना रुचणार नाही. परंतु आपल्याच माणसांत खरे बोलावयाचे नाही, तर कोठे बोलावयाचे?

त्यानंतर आम्ही इतरत्र काय चालते याची माहिती मिळवू लागलो, तो पहिले उदाहरण आपल्या मुंबईतच सापडले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल म्हणून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. छगनलाल करमसी पारेख, म्हणजेच छगनबाप्पा, यांनी त्यांना मार्गदर्शन केले. तोटा आला तरी देणगी मागावयाची नाही, हा त्यांचा निश्चय होता. त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. आज तिच्यात चाळीस हजारांहून अधिक भगिनी काम करतात. मूळ सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. या संस्थेत पापड लाटणारी प्रत्येक स्त्री सभासद आणि सहमालक असते व तिला 'बहीण' म्हणूनच संबोधतात. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यावयाचे, घरी पापड लाटावयाचे आणि परत आणून द्यावयाचे. केंद्राची संचालिकाही या बहिणींतूनच येते. नफा झाला तर तो बहिणींत वाटला जातो आणि तोटा झाला तर तोही त्यांनीच सोसावयाचा असतो. हिशेबनीस, वाहनचालक इत्यादी पुरुष तेथे पगारी नोकर आहेत. मालकीत त्यांना वाटा नाही. ज्यांच्या हाती लाटणे त्यांच्याच हाती कारभार, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. स्पेन देशाच्या उत्तरेस, बास्क प्रांतात, मोंद्रागोन नावाचे गाव आहे. तेथे अरिस्मेंदियारिएता या तरुण धर्मगुरूने १९४३ साली मुलांसाठी एक तंत्रशाळा काढली. तिच्यातून तयार झालेल्या पाच तरुणांनी १९५६ साली 'उल्गोर' या नावाने शेगड्यांचा कारखाना सुरू केला. तेथील नियम असा, की भांडवल कितीही असो, प्रत्येक सभासदाला मत एकच; सभासदांची सभा आपले नियामक मंडळ निवडते आणि ते मंडळ व्यवस्थापक नेमते. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वेतनांत प्रारंभी तिपटीहून अधिक अंतर नव्हते. या बीजापासून पुढे सहकारी कारखान्यांचा एक मोठा समूह वाढला.

ही व्यवस्था म्हणजे कल्पवृक्ष आहे असे मात्र कोणी समजू नये. मोंद्रागोनच्या त्या मूळ कारखान्याचाच वारसा सांगणारा 'फागोर' हा गृहोपयोगी यंत्रांचा कारखाना २०१३ साली दिवाळ्यात निघाला. मुंबईत कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा बंद पडलेला कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांनी स्वतः चालवावयास घेतला. त्याने काही वर्षे चांगले दिवस पाहिले, पण पुढे तोही अडचणीत आला. निर्णय सर्वांनी घेतला म्हणून बाजारातील मंदी टळत नाही. फरक पडतो तो इतकाच, की आपत्ती येते तेव्हा ती का आली हे प्रत्येकास ठाऊक असते आणि तिचा भार कोणी किती उचलावा हे ठरविताना प्रत्येकाला बोलता येते. फागोरसारख्या प्रसंगी मोंद्रागोन समूहाने पुष्कळ सभासदांना आपल्या इतर कारखान्यांत सामावून घेतले, हेही विसरता कामा नये.

आपल्या राज्यघटनेतही हा विचार आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ४३-क आला आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग साधणे हे राज्याचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरले. परंतु घटनेतील कलम आमच्या छापखान्याच्या पायऱ्या चढून आपोआप वर येणार नव्हते. ते आम्हांलाच आणावयाचे होते.

आम्ही दर शनिवारी दुपारी चार वाजता यंत्रे बंद करून चौदाही माणसांनी अर्धा तास एकत्र बसावे असे ठरविले. पहिले तीन महिने आम्ही एकटेच बोलत होतो! आम्ही विचारावे, "कोणास काही सुचवावयाचे आहे काय?" आणि सर्वांनी भिंतीवरील घड्याळाकडे पाहावे. कालांतराने बोलणे सुरू झाले, पण बोलत कोण? कचेरीतील आमचा पुतण्या आणि कापणीवरचे एक गृहस्थ. बांधणीतील बायका दाराशी बसत आणि वेळ संपली की उठून जात. मालकाची सत्ता कागदावर कमी झाली, तो दोन बोलक्या माणसांची सत्ता तिच्या जागी येऊन बसली. जो फ्रीमन या अमेरिकन विदुषीने १९७० साली एका भाषणात हाच धोका दाखविला होता. जेथे अधिकाराची उघड रचना नसते तेथे एक छुपी रचना तयार होते आणि छुप्या अधिकाऱ्यास जाब विचारता येत नाही, असे तिचे प्रतिपादन होते. ते वाचताना आमच्या शनिवारच्या बैठकीचेच वर्णन वाचीत आहोत असे आम्हांस वाटले.

मग आम्ही नियम लिहून काढले. बैठकीचे सूत्रचालन पाळीपाळीने प्रत्येकाने करावे. प्रत्येक विषयावर आधी बांधणीतील बायकांनी, मग इतरांनी आणि सर्वांच्या शेवटी मालकाने बोलावे. कागद छपाईस योग्य आहे की नाही हे यंत्रावरील कारागिराने एकट्याने ठरवावे आणि त्याने 'नाही' म्हटले तर मालकाच्या आज्ञेनेही यंत्र चालू होऊ नये. सुट्ट्या, जादा पाळी, नव्या माणसाची निवड आणि दिवाळीच्या बोनसची वाटणी या गोष्टी सर्वांनी मिळून ठरवाव्यात. बँकेचे कर्ज आणि नवे यंत्र यांचा निर्णय आमच्याकडे राहिला, पण त्याची कारणे सर्वांपुढे मांडण्याचे बंधन आम्ही स्वतःवर घालून घेतले. प्रांजळपणे सांगितले पाहिजे, की मालकी आम्ही वाटलेली नाही; लिज्जतच्या बहिणींइतके आमचे धैर्य झाले नाही. आम्ही वाटला तो निर्णय, आणि तोही सर्व नव्हे.

या व्यवस्थेची खरी कसोटी २०२० साली लागली. मार्चअखेर टाळेबंदी आली. लग्नपत्रिका थांबल्या, शाळांची कामे थांबली. छापखाना उघडला तेव्हा निम्मेही काम उरलेले नव्हते. चौघांना घरी पाठवावे, असा सल्ला आम्हांस आप्तांनी दिला. आम्ही जमाखर्चाची वही सर्वांपुढे ठेवली. बराच वेळ कोणी बोलेना. मग बांधणीतील एक बाई म्हणाल्या, "मालक, वहीत आमचे पगार आहेत, वीज आहे, भाडे आहे. तुमची घरखर्चाची उचल कुठे दिसत नाही."

ती खरोखरच त्या वहीत नव्हती. ती निराळ्या वहीत होती आणि ती वही आमच्या घरी होती. त्या क्षणी आम्हांस राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही ती वही आणली. सर्वांनी मिळून असे ठरविले, की प्रथम मालकाची उचल निम्म्यावर आणावी, नंतर मोठे पगार अधिक आणि लहान पगार कमी अशा रीतीने कापावेत, आणि कोणालाही घरी पाठवू नये. चौदा महिने तसे चालले. एकही माणूस सोडून गेला नाही. हा निर्णय आम्ही एकट्याने घेतला असता तर चार घरांच्या चुली आमच्या हातून विझल्या असत्या आणि आपण व्यवहारदक्षता दाखविली असेच आम्ही मानले असते.

आता अखेरीस, आपली परवानगी गृहीत धरून, आमच्या या मंडळाविषयी थोडे बोलतो. मंडळाची कार्यकारिणी निःस्वार्थीपणाने झटते, याविषयी कोणास शंका नाही. परंतु गेली कित्येक वर्षे तीच पाचसात नावे आपण टाळ्यांच्या गजरात निवडीत आलो आहोत. संमेलनाच्या भोजनाची व्यवस्था भगिनी पाहतात, खुर्च्या तरुण मांडतात आणि विद्यार्थी साहाय्यक निधीतून कोणास किती द्यावयाचे हे मात्र बंद खोलीत ठरते. ज्या मुलाला साहाय्य नाकारले जाते त्याला कारण कळत नाही. ज्याला मिळते त्याला ते उपकारासारखे वाटते. आमच्या छापखान्यात मामा तीस वर्षे गप्प राहिले. या सभागृहात असे किती मामा आणि किती माम्या गप्प बसल्या असतील, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, वर्षाचा जमाखर्च सभेच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचावा. दुसरी, साहाय्यक निधीच्या समितीत निम्म्या भगिनी असाव्यात आणि पूर्वी त्या निधीवर शिकलेली निदान एक व्यक्ती असावी. तसेच नकाराचे कारण लेखी कळवावे. तिसरी, कोणीही एका पदावर सलग दोन मुदतींहून अधिक राहू नये. हा नियम झाल्यास सल्लागार म्हणून गेली अनेक वर्षे आम्ही अडवून ठेवलेली खुर्ची प्रथम रिकामी होईल, याची आम्हांस जाणीव आहे.

मामा आता सेवानिवृत्त झाले आहेत. अधूनमधून ते छापखान्यात येतात, कागदाच्या रिमावर हात फिरवितात आणि आपले मत देतात. ते कोणी मागावे म्हणून आता थांबत नाहीत. आपल्या मंडळातही असे होवो, एवढीच इच्छा.