हुकमाचा एक्का घरी बसवून ट्रॉफी जिंकणारी टीम

कानात इअरफोन असतील, बस किंवा लोकल चालू असेल, तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय जरा लांबचा आहे. थेट अमेरिकेतला. कॉलेज बेसबॉल.

हो, माहितीये मला. 'बेसबॉल? आपल्याला काय करायचंय त्याचं?' पण दहा मिनिटं द्या. बेसबॉलचे नियम नाही आले तरी चालतील. प्रश्न ओळखीचाच आहे: टीममध्ये एक जबरदस्त बॉलर आहे, टूर्नामेंट दहा दिवसांची आहे, आणि त्याचा खांदा एकच आहे. मग त्याला कधी वापरायचा? आणि तो नसेल त्या दिवशी कोण?

मी या खेळाकडे कसा वळलो ते सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये मी अमेरिकन वेळेत काम करत होतो. रात्री सगळं जग झोपलेलं आणि आम्ही हेडफोन लावून गिऱ्हाईकांच्या तक्रारी ऐकतोय. पहाटे काम जरा ओसरलं की मोबाईलवर ओमाहाच्या मॅचचे अपडेट्स बघायचो. ओमाहा म्हणजे नेब्रास्का राज्यातलं शहर. १९५० पासून अमेरिकन कॉलेज बेसबॉलची अंतिम फेरी तिथेच होते. तिचं नाव कॉलेज वर्ल्ड सिरीज. तिकडे संध्याकाळी सहाला मॅच सुरू झाली की आपल्याकडे पहाटेचे साडेचार.

त्या वर्षी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, हिच्याकडे पॉल स्कीन्स नावाचा पिचर होता. आधी एअर फोर्स अकॅडमीत शिकायचा, तिथून बदली घेऊन इकडे आला. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर बॉल टाकायचा, तोही मॅच संपत आली तरी. त्या सीझनमध्ये त्याने २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले. त्यांच्या कॉन्फरन्सचा जुना विक्रम २०२ होता, १९८९ चा, तोही एलएसयूच्याच बेन मॅकडॉनल्डचा. असा पोरगा हाताशी असल्यावर बाहेरच्याला वाटणारच, ट्रॉफी घरी आली!

मलाही तसंच वाटलं होतं. पण आकडे बघायला लागलो आणि गोची लक्षात आली.

कॉलेजचा सीझन शनिवार-रविवारवर चालतो. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा एकाच टीमशी तीन मॅच, आणि अधेमधे मंगळवारी वगैरे एखादी. म्हणून तिकडे पिचरची ओळखच वारावरून होते: हा शुक्रवारचा, तो शनिवारचा. शुक्रवारचा म्हणजे टीमचा सगळ्यात भारी. आठवड्यातून एकदा टाकायचं, मग आराम. सीझनभर हे गणित छान बसतं. शुक्रवार जिंकलात, उरलेल्या दोनपैकी एक जिंकलात, की झालं काम.

ओमाहात वारच उरत नाहीत. आठ टीम, दोन गट, आणि दोनदा हरलात की बाहेर. पहिल्या दोन्ही मॅच जिंकलात तर मध्ये मस्त विश्रांती मिळते. पण एक हरलात की रोज मॅच. शेवटी दोन गटांचे विजेते तीनपैकी दोनच्या फायनलमध्ये.

आता आपल्या टी-२० शी लावून बघा. तिथे एका बॉलरला चारच ओव्हर. बुमराह असला तरी चारच. म्हणजे बाकीच्या सोळा ओव्हरची सोय कॅप्टनला करावीच लागते. पाचवा बॉलर कोण, यावर आपण चहाच्या टपरीवर तासभर भांडतो ते त्यामुळेच. कॉलेज बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. एका मॅचमध्ये किती बॉल टाकायचे याला नियमाचा चाप नाही. मॅचमधूनच बाहेर काढलेला पिचर त्या मॅचमध्ये पुन्हा येत नाही, आणि बाकी सगळं कोचच्या मनावर. तिकडे लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये बॉलची मर्यादा आहे, जपानच्या शाळकरी बेसबॉलमध्येही २०२० पासून आठवड्याला ५०० ची आहे. वीस-एकवीस वर्षांच्या कॉलेजच्या पोरांना मात्र नाही.

मोह किती असेल विचार करा.

२००९ मध्ये टेक्सस आणि बॉस्टन कॉलेज यांची एक मॅच २५ इनिंग चालली. साधी मॅच नऊ इनिंगची असते! टेक्ससचा ऑस्टिन वुड हा खरं तर शेवटी येऊन थोडंसं टाकणारा रिलीव्हर. त्याने त्या रात्री १३ इनिंग टाकल्या, १६९ बॉल. आदल्या दिवशीही तो खेळला होता. टेक्सस ३-२ ने जिंकलं. लोक ती मॅच अजून अभिमानाने सांगतात. वुड मेजर लीगपर्यंत कधी पोहोचला नाही. त्या एका रात्रीमुळे, असं मी म्हणणार नाही, कारणं शंभर असतात. पण ते १६९ माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कारण थोडंसं स्वतःचं आहे. मी कॉलेजात मीडियम पेस टाकायचो. फार भारी नव्हतो, पण मॅटिंगवर बॉल हलायचा. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चार दिवसांत तीन मॅच होत्या. सरांनी तिन्ही मॅचला सुरुवातही माझ्याकडूनच आणि शेवटही माझ्याकडूनच. 'अरे, तूच टाक, बाकीचे मार खातील.' दुसऱ्या दिवशीच खांद्यात कळ यायला लागली होती. मी बोललो नाही. बोललो असतो तर पुढच्या मॅचला बसवतील, ही भीती. तिसरी मॅच आम्ही हरलो, आणि ज्या दोघांनी सबंध स्पर्धेत बॉल हातात घेतला नव्हता, ते पॅड बांधून बसूनच राहिले. माझा खांदा आजही थंडीत दुखतो. सरांवर राग आहे का? थोडा आहे. पण त्यांच्याजागी मी असतो तर? ...मीही बहुतेक तेच केलं असतं. म्हणून एलएसयूच्या कोचने जे केलं ते मला इतकं मोठं वाटतं.

त्यात एलएसयूचं पिचिंग कागदावर जेवढं जाड होतं तेवढं उरलंच नव्हतं. ग्रँट टेलर सीझनच्या आधीच कोपराच्या दुखापतीने गेला. मग चेस शोर्स. मग गॅरेट एडवर्ड्स. तिघंही कोपर! बेसबॉलमध्ये याला टॉमी जॉन म्हणतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा हे ऑपरेशन केलं. कोपराच्या आतल्या बाजूचा तुटलेला लिगामेंट काढून शरीरातलाच दुसरा टेंडन तिथे बसवायचा. त्यानंतर पुन्हा मॅचमध्ये उतरायला वर्षभराहून जास्त लागतं. तर सांगायचं म्हणजे, सीझनभर एलएसयूच्या फॅन्सचं रडगाणं एकच होतं: स्कीन्स उतरला की कोण?

ओमाहात पहिली मॅच शनिवारी, १७ जूनला, टेनेसीशी. स्कीन्सने पावणेआठ इनिंगच्या जवळपास टाकल्या, १२ स्ट्राइकआउट, ६-३ ने विजय. एक्का पडला. सोमवारी दुसऱ्या नंबरचा टाय फ्लॉइड वेक फॉरेस्टविरुद्ध, आणि टीम ३-२ ने हरली. वेक फॉरेस्ट म्हणजे त्या वर्षीची पहिल्या मानांकनाची टीम, आणि पिचिंग सगळ्यात खोल कुणाचं, तर त्यांचंच.

आता बघा हं. सोमवारी हरले, म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार रोज मॅच, आणि एकही हरले की बॅग भरायची. स्कीन्स शनिवारी टाकून बसलाय. फ्लॉइड कालच टाकून बसलाय. मंगळवारी कोण?

नेट अकेनहाउझन. त्या सीझनमध्ये त्याने एकही मॅच सुरू केली नव्हती. बुलपेनमधून येऊन थोडंफार टाकणारा डावखुरा. मी मोबाईलवर नाव वाचलं आणि शेजारच्या टीममेटला म्हणालो, गेली रे मॅच. (मी त्याला आधी अख्खा बेसबॉल समजावला होता, त्यालाही आता टेन्शन आलेलं.) अकेनहाउझनने सहा इनिंग टाकल्या. एकही रन नाही. ५-० ने विजय, टेनेसी घरी.

बुधवारी पुन्हा वेक फॉरेस्ट. यावेळी तुकड्या-तुकड्यांनी काम चालवलं. जेव्हन कोलमनने सुरुवात केली आणि मग ग्रिफिन हेरिंग, पहिल्या वर्षाचा पोरगा, त्याने लांब पल्ला सांभाळला. ५-२. तुमच्यापैकी कित्येक जण आत्ता एफवाय-एसवायला असतील ना? तो त्याच वयाचा होता.

मला विचाराल तर एलएसयू ट्रॉफी जिंकली ती या दोन दिवसांत. त्या दोघांनी दोन मॅच काढल्या म्हणून गुरुवार उगवला. आणि गुरुवारी स्कीन्सला चार दिवसांची विश्रांती झालेली होती.

ती गुरुवारची मॅच, काय सांगू. समोर वेकचा रेट लाउडर, तोही पहिल्या फेरीत निवडला जाणारा. स्कीन्स आठ इनिंग, १२० बॉल, रन शून्य. लाउडर सात इनिंग, रन शून्य. आठव्या इनिंगला वेकने हळूच बॉल पुढे ढकलून तिसऱ्या बेसवरचा गडी घरी आणायचा डाव टाकला, तर पहिल्या बेसवरचा ट्रे मॉर्गन झेपावत पुढे आला आणि उचलल्या-उचलल्या बॉल कॅचरकडे दिला. आऊट. तिथे तो रन झाला असता तर ही गोष्ट मी आज सांगत नसतो.

नवव्या इनिंगला स्कीन्स नाही. थॅचर हर्ड आला. तीन इनिंग, रन शून्य. अकराव्या इनिंगला टॉमी व्हाइटने दोन रनचा होमरन मारला आणि २-० ने एलएसयू फायनलमध्ये.

इथे मला वाटलं, आता फायनलच्या तिसऱ्या मॅचला कसंही करून स्कीन्सला आणतील. तीन दिवस मिळतातच की! मी कोच असतो तर आणला असता. फायनल फ्लोरिडाशी. पहिली मॅच शनिवारी: फ्लॉइड, आठ इनिंग, १७ स्ट्राइकआउट! सोमवारी हरलेल्या मॅचचा पिचर तो हाच. अकराव्या इनिंगला केड बेलोसोचा होमरन, ४-३. रविवारी मात्र फ्लोरिडाने धुतलं. २४-४. हो, चोवीस. स्कोअर बघून मला वाटलं ॲप बिघडलंय.

पण त्या २४-४ मध्ये कोच जे जॉन्सन यांनी हर्डला हात लावला नाही. मॅच हातातून जातेय हे दिसल्यावर त्यांनी ती जाऊ दिली. आपल्याकडे असं केलं तर 'लढलेच नाहीत' म्हणून रात्रभर ट्रोल होईल. पण सोमवारसाठी माणूस हवा होता, आणि तो असा वाचवला. सोमवारी हर्डने पहिल्याच इनिंगला दोन रन दिले, आणि मग दारच बंद केलं. सहा इनिंग. तोवर एलएसयूच्या बॅटर्सनी फ्लोरिडाची पार धूळधाण केली होती. १८-४. सातवी ट्रॉफी.

आता मोजा. ओमाहात एलएसयूने आठ मॅच खेळल्या. स्कीन्स फक्त दोनमध्ये. उरलेल्या सहापैकी चार त्याच्याशिवाय जिंकल्या. फायनलच्या तिन्ही मॅचमध्ये देशातला सगळ्यात भारी पिचर टोपी घालून डगआउटमध्ये. तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि ते योग्यच होतं. पुढच्या महिन्यात पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला देशात पहिल्या क्रमांकावर निवडलं. (ही तीच टीम, जिने २००८ मध्ये आपल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केलं होतं. सिनेमाही आला त्यावर.) २०२४ ला स्कीन्स नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित, २०२५ ला साय यंग पुरस्कार.

म्हणून कुणी विचारलं की यंदा अमुक कॉलेज जिंकेल का, तर मी त्यांच्या शुक्रवारच्या पिचरचं नाव बघतच नाही. मी बघतो मंगळवारी कोण टाकतो. मार्च महिन्यात, थंडीत, अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये, एखाद्या छोट्या कॉलेजविरुद्ध कोच कुणाकुणाला बॉल देतोय. बारावा-तेरावा पोरगा तिथे चार बॅटर काढतोय का, की तिथेही जिंकायचंच म्हणून पुन्हा तेच दोघं. जून महिन्यातला अकेनहाउझन तिथे तयार होतो.

आणि हेही सांगतो, एलएसयूचं सगळं गोड नाही. आठ इनिंगमध्ये १७ जणांना काढणाऱ्या फ्लॉइडच्या खांद्याचं पुढे ऑपरेशन झालं, व्यावसायिक खेळ सुरू व्हायला उशीर झाला. स्कीन्सचे १२० बॉल काही कमी नव्हेत. खोली असलेल्या टीममध्येही हात झिजतातच, फक्त जरा वाटून झिजतात. नियम यावा का? मला वाटतं यावा. टी-२० ची चार ओव्हरची मर्यादा आहे म्हणून आपल्याला किती नवे बॉलर बघायला मिळाले! पण स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी स्वतःच उभं राहायचं असं म्हणणारे पिचर तिकडेही खूप आहेत, आणि त्या वयात मीही तेच म्हणालो होतो, तेव्हा तुमचं मत वेगळं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. शिव्या नकोत फक्त.

जाता जाता एक. २०२३ ला कोपर गेलं म्हणून ज्याने ती अख्खी ओमाहा बाहेरून बघितली, तो चेस शोर्स आठवतोय? एलएसयूने २०२५ ला आठवी ट्रॉफी जिंकली, कोस्टल कॅरोलायनाला हरवून, ५-३. त्या मॅचच्या शेवटी माउंडवर तोच उभा होता.

चला, माझा स्टॉप आला. भेटू पुढच्या गुरुवारी.