सैतो ताकाओ यांचा सवाल

२ फेब्रुवारी १९४०. टोकियोच्या संसदेत सैतो ताकाओ हे ठेंगण्या चणीचे खासदार बोलायला उभे राहिले. चीनशी युद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं. सरकार त्याला 'पवित्र युद्ध' म्हणत होतं. या पवित्र नावाआड जनतेचे हाल का झाकता, युद्ध संपवणार कसं, असा त्यांचा रोख होता. लष्कर खवळलं. भाषणाचा मोठा भाग कामकाजाच्या नोंदीतून गाळला गेला. ७ मार्चला त्यांची संसदेतून हकालपट्टी झाली. ठरावाविरुद्ध मतं पडली अवघी ७. पण १९४२ साली, सरकारी पाठबळ नसताना, ह्योगो प्रांतातल्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. आपलीच बाजू न्यायाची, असं प्रत्येक राष्ट्राला वाटतं. ते पारखून घेणारा आवाज लोकशाहीनं जपलाच पाहिजे.