लाज रुग्णाची, जबाबदारी आपली

(प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांच्या प्रशिक्षणवर्गानिमित्त पाटण येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कलाशाखेचा पदवीधर असून शासनाच्या माहिती खात्यात लिहिण्याचे काम करतो. रोग आणि औषधे यांचे ज्ञान ज्यांना आहे, त्यांना मी काय सांगावे, हा प्रश्न येथे येताना माझ्या मनात होताच. परंतु निदान होण्यापूर्वी एक गोष्ट घडावी लागते. रुग्णाने तोंड उघडावे लागते. ते कोणत्या शब्दांनी उघडते आणि कोणत्या शब्दांनी कायमचे मिटते, एवढ्यापुरतेच मला बोलावयाचे आहे.

पाटण तालुका डोंगराळ आहे. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक, त्यामुळे कोयनेच्या खोऱ्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आला. गिरण्यांत तो राबला, बंदरावर आणि बाजारपेठांत त्याने पाठीवर ओझी वाहिली. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. कामगार मुंबईत आणि कुटुंब गावी, अशी दोन ठिकाणी विभागलेली घरे आपल्याकडे वाडीवाडीवर आहेत. आजच्या विषयाचा आपल्या तालुक्याशी काय संबंध, असे कोणी विचारल्यास या घरांकडे बोट दाखवावे.

अशाच एका घरातील माझा बालमित्र २००६ साली गणपतीला गावी आला होता. त्याच्या गुप्तांगावर जखम झाली होती. मोठ्या धीराने तो एका दवाखान्यात गेला. तो दवाखाना कोणता, हे सांगण्याचे कारण नाही. तसे दवाखाने पुष्कळ होते. तपासणीच्या खोलीचे दार उघडे होते आणि दारापर्यंत रांग लागलेली होती. त्याने अडखळत सुरुवात करताच मोठ्याने प्रश्न आला, “कुठे जाऊन आलास?” रांगेत त्याच्या भावकीतली दोन माणसे होती. माझा मित्र म्हणाला, “कुठे नाही, जरा खाज आहे.” खाजेचे मलम घेऊन तो परतला आणि सुट्टी संपताच मुंबईस गेला.

दोन वर्षांनी त्याची पत्नी गरोदर असताना तिच्या रक्ततपासणीत एच.आय.व्ही.चा संसर्ग आढळला, आणि त्यानंतर त्यालाही. वेळेवर औषध मिळाल्याने मूल मात्र संसर्गमुक्त राहिले. आज पती-पत्नी दोघेही नियमित औषधोपचार घेतात व कामधंदा करतात. त्यांच्या अनुमतीनेच मी हे सांगत आहे. त्या दिवशी दार लावलेले असते तर पुढचे सारे टळलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण जखमेवर उपचार झाला असता, रक्त तपासले गेले असते आणि पत्नीच्या संरक्षणाविषयी कोणीतरी बोलले असते. माझा मित्र मलाही बोलला नव्हता. त्याच वर्षी १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी “अनैतिक संबंध टाळा” असे ठळक अक्षरांतले प्रसिद्धिपत्रक मी स्वतः लिहिले होते. ते वाचून कोणता मित्र माझ्याकडे मन मोकळे करील?

गुप्तांगावरील जखम हा स्वतंत्र आजार आहेच. शिवाय तिच्यातून एच.आय.व्ही.ला शरीरात शिरणे सोपे जाते. म्हणून अशा रुग्णास केवळ मलम देऊन पाठविणे पुरेसे नाही. लक्षणांनुसार पूर्ण उपचार, एच.आय.व्ही. व सिफिलिसची तपासणी, जोडीदारावर उपचार आणि निरोधाच्या वापराची माहिती ही चारही कामे त्याच भेटीत सुरू व्हावयास हवीत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू होऊ शकतात, हे या प्रशिक्षणाचे सार आहे.

हा प्रश्न पुरुषांपुरता नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. मात्र त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावर काढणे हा आपल्या स्त्रियांचा स्वभाव आहे, असे आपण सहज म्हणतो. विचारणारेच कोणी नसेल तर अंगावर काढण्यावाचून दुसरे त्या काय करणार?

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, अश्लीलतेचे खटले सोसले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. एवढी परंपरा असूनही हे शब्द उच्चारताना आपला आवाज खाली जातो.

शेजारच्या सांगलीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. पुढे १९९६ मध्ये त्या स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभारली. ज्यांना रोगाचे मूळ म्हणून दूर लोटले जात होते, त्यांनीच निरोधाचा प्रसार आणि एकमेकींना माहिती देण्याचे काम हाती घेतले. ज्याच्यासाठी सेवा आहे, त्याला मान दिल्यास तोच कामाचा भागीदार होतो, हा त्यातील धडा आपणही घ्यावा.

आपल्या दारी येणाऱ्यांत तृतीयपंथी असतील, जोगते असतील, पुरुषाशी संबंध ठेवणारे पुरुष असतील, अविवाहित मुली व विधवा असतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि २०१८ मध्ये समलिंगी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. “लग्न झाले आहे का?” एवढ्या एका प्रश्नावर लैंगिक इतिहास घेण्याची पद्धत म्हणूनच अपुरी आहे. दार लावून, शांतपणे, “हे प्रश्न मी सर्वांनाच विचारतो” अशी सुरुवात करावी. जोडीदार स्त्री आहे, पुरुष आहे की दोन्ही, हे ताप किती दिवस आहे असे विचारावे तितक्याच सहजपणे विचारावे. उत्तर ऐकताना भुवई वर जाऊ नये. तिची नोंद केसपेपरवर होत नसली तरी रुग्ण ती घेतो.

कायदाही आता स्पष्ट आहे. एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. समजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही, रुग्णाची स्थिती उघड करता येत नाही आणि त्याला उपचार नाकारता येत नाहीत. परिचारिका भगिनींची भीतीही कायद्याने दुर्लक्षिलेली नाही. कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधने देणे संस्थेवर बंधनकारक आहे. सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाचे असते.

औषधांनीही मोठा पल्ला गाठला आहे. २००४ पासून शासनातर्फे विनामूल्य उपचार सुरू झाले. २०१७ पासून संसर्ग आढळताच प्रत्येकास औषध देण्याचे धोरण आहे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्यास जात नाही. उपचाराविना मातेकडून बालकास संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचाराने ते ५ टक्क्यांच्या खाली येते. ही माहिती प्रत्येक गावात पोहोचली पाहिजे.

शिक्षकबंधूंनी वरच्या वर्गांत शरीराची माहिती देणारे धडे गाळू नयेत. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीस पडदा आणि दाराला कडी आहे किंवा नाही, हे एकदा जाऊन पाहावे. १०९७ हा विनामूल्य मदतक्रमांक फलकावर लिहावा. संसर्ग कोणाला आहे, याची चौकशी मात्र कोणीही करू नये.

गणपतीला मुंबईकर पुन्हा गावी येतील. त्यांतील एखादा धीर करून आपल्या केंद्राची पायरी चढेल. त्याला बसावयास सांगून, उठून दार लावावे आणि मगच पहिला प्रश्न विचारावा. या प्रशिक्षणातून एवढी एक सवय जरी आपण बरोबर नेलीत, तरी माझ्या मित्राची गोष्ट सांगितल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.