बोट नाही, तर चालत

हेडफोन्स लावलेत ना? आज जरा लांबची गोष्ट आहे.

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लूत्रो नावाचं एक गाव आहे. गाव म्हणजे काय, तर पाण्याला लागून पांढऱ्या घरांची एक ओळ, निळी दारं-खिडक्या आणि मागे अंगावर येणारा डोंगर. गावात गाडीरस्ता जातच नाही. होरा स्फाकियोन नावाच्या बंदरातून बोटीने वीसेक मिनिटांत पोचायचं, नाहीतर कड्याच्या पायवाटेने चालत. त्यामुळे हॉर्न नाही, पेट्रोलचा वास नाही. रात्री पाणी गोट्यांवर आपटतं, तेवढाच आवाज.

मी गेले होते ऑक्टोबरमध्ये. जर्मनीत मास्टर्स संपलं होतं, नोकरी नव्हती आणि व्हिसाचे मोजून तीन महिने उरले होते. सत्तर-ऐंशी ठिकाणी अर्ज केले, नकार आले. शेवटी एका ठिकाणाहून प्रत्यक्ष मुलाखतीचं बोलावणं आलं. मधे चार दिवस होते. म्हटलं, डोकं शांत करून येऊ. आईला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर "पैसे आहेत का तुझ्याकडे?" हा प्रश्न आला असता. आणि तो बरोबरच होता.

तीन दिवस मस्त गेले. सकाळी पोहणं, दुपारी स्फाकियानी पिता, म्हणजे आत मिझिथ्रा चीज भरलेली पातळ पोळी, वरून मध. आपल्या पुरणपोळीची चुलतबहीण म्हणा. एका संध्याकाळी पलीकडच्या फिनिक्स खाडीपर्यंत चालत गेले. बायबलमध्ये संत पॉलला घेऊन निघालेलं जहाज हिवाळ्यासाठी ज्या फिनिक्स बंदरात थांबणार होतं, ते इथलंच, असं मानतात. ते जहाज पोचलंच नाही. वाटेत वारा फिरला, जहाज भरकटत गेलं आणि शेवटी माल्टाला फुटलं. मला ही गोष्ट तेव्हा फार रोमँटिक वाटली होती.

चौथ्या दिवशी सकाळी उठले, तर समुद्र पांढरा. खाली खानावळीच्या मावशी (मी मनातल्या मनात त्यांना मावशीच म्हणायचे) खुर्च्या आत घेत होत्या. त्यांनी समुद्राकडे हात केला आणि एकच शब्द म्हणाल्या, "आएरास." वारा. बोट बंद.

संध्याकाळी हानियाहून विमान, दुसऱ्या दिवशी मुलाखत. माझे हात गार पडले. मी सॅक उचलून एकटीच निघाले, तर मावशींनी दंड धरून थांबवलं आणि शेजारच्या खोलीतल्या डच आजी-आजोबांना हाक मारली. त्यांनाही निघायचंच होतं. मग आम्ही तिघं.

पहिला तासभर ठीक होतं. पिवळ्या-काळ्या खुणा बघत चालायचं. मधे 'गोड्या पाण्याचा' किनारा लागतो. तिथे समुद्राला अगदी लागून गोटे थोडे उकरले की खाली गोडं पाणी! मागच्या श्वेत पर्वतांचं पाणी जमिनीखालून झिरपत येतं. मी बाटली भरून घेतली.

त्यानंतर कडा. वाट खडकात कोरलेली, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सरळ समुद्र. वारा सॅकला धक्के देत होता. एका वळणावर माझे पाय थांबले ते थांबलेच. खरं सांगते, मी रडले. आजी मागून आल्या, काही न बोलता माझ्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "समुद्राकडे नको, भिंतीकडे बघ. आणि मला तुझ्या मुलाखतीबद्दल सांग." मग मी भिंतीकडे बघत, अडखळत, माझा थिसिस त्या बाईंना समजावत तो तुकडा पार केला. आजोबा पुढून मधेच प्रश्न विचारत होते. बरे प्रश्न होते, हं.

हे शहाणपणाचं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. तिथे दगड कोसळतात. तुम्ही गेलात तर निघायच्या आदल्या दिवशीच बोटीने बाहेर पडा.

डांबरी रस्ता लागला, तिथून उतरून दुपारची बस मिळाली. बसमध्ये रेंज आली आणि आईचे सहा मिस्ड कॉल दिसले. लावला.

"कुठे होतीस गं? केवढा वारा येतोय फोनमध्ये!"

खिडकी उघडी होती. मी ती लावली आणि म्हटलं, "आई, बस जरा. सगळं सांगते."