संख्यांची माळ : १२३४५६५४३२१



बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस! राजूरसारख्या कोळशाच्या गावी ही संख्या खाणीच्या ताळेबंदातील वाटावी. परंतु अंकांत मांडताच तिचे रूप उघडते : १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी व पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या महावीराचार्यांनी सुमारे इ.स. ८५० मध्ये ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात गुणाकाराच्या उदाहरणांत दिली आहे. हे दिगंबर जैन गणिती राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील. डावीकडून वा उजवीकडून सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अशा गुणाकारांना त्यांनी कंठाभरणाची उपमा दिली. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात, हीही त्यांचीच माळ.

आचार्यांचे उदाहरण असे : २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे. वरवर पाहता काहीच सुगावा लागत नाही. मात्र ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे; २१ × ५२९१ = १११११११ नव्हे, तर सहा एककांची १११११ १ अर्थात १,११,१११. म्हणजे आपली माळ हा १,११,१११ चा वर्ग होय. कागदावर गुणाकार मांडला की कारण दिसते. एकेक घर सरकत सहा ओळी येतात. उभ्या बेरजेत पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात सहा, आणि पुढे उतार. हातचा कोठेच येत नाही. नऊ एककांपर्यंत हे चालते : १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एककाला मध्यभागी दहा होतात, हातचा येतो आणि माळ तुटते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

अंकांची बेरीज करावी तर ३६, म्हणजे सहाचा वर्ग. म्हणून ६,६६,६६६ च्या वर्गाला ३६ ने भागले की हीच माळ हाती येते.

अकराशे वर्षांनंतर याच माळा महाराष्ट्रातील एका शिक्षकाला पुन्हा भेटल्या. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा संख्यांच्या कुळास ‘डेमलो संख्या’ म्हटले; ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, ते डोंबिवली. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाची येथे फारशी दखल घेतली गेली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले.

कापरेकरांचे सारे आचार्यांनी आधीच सांगितले होते, असे मात्र अभिमानापोटी म्हणू नये. आचार्यांनी मोजकी सुंदर उदाहरणे दिली. कापरेकरांनी त्यांचे कुळ शोधले. दोघांचे श्रेय वेगवेगळे आहे. खंत वेगळीच. ‘गणितसारसंग्रह’ १९१२ मध्ये मद्रासहून रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह, तर १९६३ मध्ये आपल्या सोलापूरहून जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला; तरीही हिशेबात तरबेज असलेल्या कित्येक घरांत त्याचे नावही ठाऊक नसते.

विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आचार्यांचे आणखी एक उदाहरण करून पाहावे : ३३३३३३६६६६६७ ला ३३ ने गुणा. उत्तर चौदा अंकी आहे. दुकानातील साध्या कॅल्क्युलेटरवर मावणार नाही, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच बसा.